पाटीची चौकट व फोनची पेटी

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरविली आहेत, त्यांस पाटीची लाकडी चौकट स्मरत असेलच. पाटीचा दगड ठिसूळ. हातून निसटला की तडकावयाचा. म्हणून कारागीर त्यास चारी बाजूंनी लाकडाची चौकट बसवीत असे. आघात प्रथम लाकडावर होई, व लाकूड किंचित दबून तो सोशी. सांप्रत आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती जी काचेची पाटी आली आहे, जीस आपण टॅब्लेट म्हणतो, तीही तितकीच नाजूक आहे. आणि तिच्यासाठी व फोनसाठी हाताने लाकडी पेट्या घडविणारे कारागीर पुन्हा पुढे येत आहेत. त्यांच्या एका विशिष्ट पद्धतीचा परिचय करून द्यावा, व अशी पेटी विचारपूर्वक कशी करावी हे सांगावे, असा आमचा ह्या लेखात हेतू आहे.

ह्या पद्धतीस स्टीमपंक म्हणतात. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर ह्या अमेरिकन कादंबरीकाराने 1987 साली प्रथम योजिला. वाफेच्या युगातील यंत्रे व आजच्या कल्पना ह्यांचा मेळ घालणाऱ्या कथांस त्याने हे नाव दिले. पुढे ते वस्तूंसही लागू झाले. गडद लाकूड, पितळेच्या पट्ट्या, दातेरी चक्रे, उघडे दिसणारे खिळे, ही त्यांची खूण होय. ह्या कल्पनेचे मूळ फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न ह्याच्यापर्यंत जाते. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती चाकांवरची घरे ओढीत हिंदुस्थानातून प्रवास करतो, आणि तीत नानासाहेब पेशवे हेही एक पात्र आहे!

आता कोणी विचारील की, वाफेचे युग सरले असता त्याचे हे कौतुक कशासाठी? आमच्या मते ह्याचे कारण असे. वाफेच्या यंत्राचे कार्य डोळ्यांस दिसते. वाफ दट्ट्यास ढकलते, दट्ट्या दांडीस, व दांडी चाकास. फोनचे तसे नाही. त्याचे अंतरंग काचेआड बंद असते. आमचे नागपूर तर वाफेच्याच बळावर वाढले. 1867 साली येथे आगगाडी आली. 1877 च्या 1 जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ती गिरणी आता बंद पडली आहे. परंतु मोतीबाग येथे 2002 साली उघडलेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जुने वाफेचे इंजिन पाहावयास मिळते. पालकांनी मुलांस तेथे अवश्य न्यावे, व कोणता भाग कोणास ढकलतो हे त्यांस बोटाने दाखवावयास सांगावे.

साहित्याच्या बाबतीत आमचा प्रांत भाग्यवान आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान नामांकित असून, दिल्लीच्या 2023 साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले. शेजारचे भंडारा शहर पितळेच्या भांड्यांबद्दल प्रसिद्ध आहे. तथापि सागाचे झाड, ते आपल्या शेतातले असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. आपणांस त्याची गरजही नाही. सुताराकडे उरलेले तुकडे, किंवा जुन्या दाराची फळी, ह्या कामास उत्तम. कारण जुने लाकूड पुरते वाळलेले असते.

पेटी करण्यापूर्वी तीन नियम ध्यानी धरावे.

पहिला नियम लाकडाच्या स्वभावाचा. लाकूड वाळले तरी हवेतील ओलावा घेते व सोडते. ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, तर जुलैत दमट. म्हणून फोन घट्ट बसेल अशी पेटी करू नये. सभोवती अर्धा मिलिमीटर जागा ठेवून आत मऊ लोकरी कापड लावावे. पितळेची पट्टी जेथे रेषांस आडवी येते, तेथे तिची स्क्रूची छिद्रे किंचित लांबट करावी, म्हणजे लाकडास हलण्यास वाव राहून ते उकलत नाही.

दुसरा नियम उष्णतेचा. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. पितळ त्याच्या शेकडो पट अधिक उष्णता वाहून नेते. हातास लाकूड सुखद वाटते ते ह्याच गुणामुळे. पण त्याच गुणामुळे फोनची उष्णता आत कोंडते, व लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर क्षीण होते. म्हणून पेटीची मागची बाजू पातळ ठेवावी, अगर तीत जाळी कोरावी, आणि चार्जिंग करताना फोन बाहेर काढावा.

तिसरा नियम लहरींचा. फोनचे संभाषण रेडिओ लहरींवर चालते. कोरड्या लाकडातून त्या सहज पार होतात. धातूचा पत्रा त्यांस अडवितो. अँटेना बहुधा फोनच्या कडांशी असतो, आणि पितळेचे कोपरे लावण्याची हौस असते ती नेमकी तेथेच! ज्या फोनला तारेवाचून चार्ज करता येते, त्याच्या पाठीच्या मध्यभागीही धातू चालत नाही. ह्यास्तव पितळ कायमचे बसविण्यापूर्वी दोऱ्याने बांधून पाहावे, एकदोन जणांस फोन करावा, व अडथळा येत असल्यास त्याची जागा बदलावी.

आता कृती. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना करून कॅमेरा, बटणे व आवाजाची छिद्रे ह्यांच्या जागा निश्चित कराव्या. मग फळी रंध्याने सपाट करून, गुण्या लावून रेघा आखाव्या व करवतीने तुकडा कापावा. आतील खाच पटाशीने थोडी थोडी कोरावी. कडा कानशीने गोल कराव्या. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे, नाही तर लाकूड चिरते. सागाचा भुसा नाकाघशास त्रास देतो, सबब तोंडावर फडके बांधावे. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावे. येथे एक इशारा: तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून उघड्यावर वाळवाव्या.

राहता राहिला अलंकाराचा प्रश्न. पुष्कळ पेट्यांवर घड्याळाची चक्रे नुसती डिंकाने चिकटविलेली असतात. ती फिरत नाहीत, फिरवीत नाहीत. ज्या युगाचे हे अनुकरण, त्या युगात निरुपयोगी चाक कोणी बसवीत नसे. तुम्ही एकच चक्र लावा, परंतु ते फिरविले असता कॅमेऱ्यावरचे झाकण सरकेल असे लावा. त्यासाठी दाते मोजावे लागतील, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा साधेल. आणि गणिताच्या तासास जे कळले नाही ते हातास कळेल. चालू घड्याळ मात्र ह्यासाठी मोडू नये.

पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात एका लाकडी पेटीचे वर्णन आहे: बाभळीच्या लाकडाची, अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच. तीत दोन दगडी पाट्या ठेवावयाच्या होत्या. ती घडविणाऱ्या बसालेलाचे नाव शास्त्राने राखून ठेवले आहे. आमचा प्रभूही नासरेथात सुतारच होता. असे असता ज्या घरांत मुलाने करवत हाती घेतली की "अभ्यास सोडून हे काय?" असे विचारले जाते, तेथील वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती आहे की, फोनसाठी महागडे वेष्टण विकत घेण्याऐवजी ह्या सुट्टीत मुलास आठ दिवस गल्लीतील सुताराकडे बसू द्यावे, व त्या सुतारास गुरुदक्षिणा द्यावी. ज्या पेटीसाठी मुलाचे आठ दिवस गेले, तीतील फोन तो खाली ठेवतानाही जपून ठेवील. आणि सुतारकाकांस हाक मारतानाही त्याचा स्वर बदललेला असेल.