कपाटातल्या स्मिताला वेळीच बाहेर काढा

परभणीच्या आमच्या घरात लोखंडी कपाटाचा एक खण फक्त स्मिता पाटीलच्या सिनेमांचा आहे. व्हीएचएस कॅसेटी, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळं त्यात आहे. कॉलेजात मराठी शिकवायची तेव्हा हा खण फार कामाला आला. 'भूमिका' पाहिलेली मुलं आपण होऊन तो ज्यावर बेतला ते हंसा वाडकरांचं आत्मकथन 'सांगत्ये ऐका' मागायला यायची. 'उंबरठा' पाहून झाला की तो ज्यावर बेतला त्या शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर तासभर बोलायची. गेल्या काही वर्षांत त्या खणातलं बरंच हातचं गेलं. काही बुरशीनं खाल्लं, काही उन्हानं नासलं, काही दुसऱ्याच्या हलगर्जीपणानं गेलं. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठेही गेलं तरी कुणी ना कुणी म्हणतंच, "मॅडम, आमच्याकडंबी जुन्या सीड्या पडून आहेत." त्या पडून राहू देऊ नका, एवढ्यासाठीच हा लेख.

आधी हे लक्षात घ्या

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा आणि ती गेली १३ डिसेंबर १९८६ ला. पडद्यावरचा काळ जेमतेम बारा वर्षांचा. तेवढ्यात 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन सिनेमांसाठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री, आणि मराठीत जब्बार पटेल यांचे 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२).

तिची सुरुवात मात्र टीव्हीवरची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे काही काळ स्मिता तिथे मराठी बातम्या वाचायची. आपल्याकडे घरोघरी व्हीसीआर यायला लागले ते १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या आगेमागे, रंगीत टीव्हीसोबत. म्हणजे बातम्या वाचणारी स्मिता घरच्या कॅसेटवर उतरवण्याची सोयच त्या वेळी नव्हती. टीव्हीसाठी केलेल्या कामातलं घरी जपता येण्यासारखं मोठं काम म्हणजे सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला 'सद्गती'. प्रेमचंदांची कथा, ओम पुरी, मोहन आगाशे आणि झुरियाच्या भूमिकेत स्मिता. जेमतेम तासाभराचा आहे, पण तो कुणाकडे असेल तर सगळ्यात आधी त्याची प्रत करून घ्यावी असं मी सांगेन.

कॅसेट: बुरशी लागली की मशीनमध्ये घालू नका

माझे थोरले दीर मुंबईला नोकरीला होते. महालक्ष्म्यांना गावी येताना ते टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी आणायचे. मग स्टेशन रोडवरून भाड्यानं व्हीसीआर आणायचा, ओसरीत चादर अंथरायची आणि आख्खी गल्ली रात्रभर बसायची. 'जैत रे जैत' आम्ही असा कितीदा पाहिला ते आठवत नाही. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांचे शब्द आमच्या सासूबाईंना पाठ झाले होते. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले, याचा त्यांना केवढा अभिमान!

हीच कॅसेट पुढे एका पावसाळ्यानंतर बाहेर काढली. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिलं तर गुंडाळलेल्या काळ्या फितीच्या कडेवर पांढरे ठिपके होते, सादळलेल्या पापडावर येते तशी बुरशी. दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी ती उजेडात धरली आणि तशीच परत हातात दिली. "बाई, ही लावली तर हेड तर घाण होईलच, पण त्यानंतर जी कॅसेट टाकाल तिलाही हीच लागण होईल." त्यांचा हा सल्ला लाख मोलाचा होता. बुरशी आलेली फीत चालू मशीनमध्ये घालायचीच नाही. आधी कोरड्या जागी ठेवायची, जाणकाराकडून साफ करून घ्यायची आणि मगच एकदा चालवून तिची प्रत करायची.

आपल्या जिल्ह्याचं हवामान फितीचं वैरी आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि जुलैपासून हवा दमट होते. फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं धरून ठेवलेला असतो, ते ओल शोषून घेतं आणि हळूहळू सुटू लागतं. त्यामुळे कॅसेट पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही ठेवू नका. ती पुस्तकासारखी उभी ठेवा, फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळलेली असू द्या. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा.

आणखी एक. चालू व्हीसीआर घरात असेल तर तो भंगारात घालू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे काही चालतंय ते जुन्या मशीनवरच.

प्रत करायला देताना

बाकीच्या चांगल्या कॅसेटी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात डीव्हीडी करून घ्यायला पाठवल्या. आल्या त्या डीव्हीडी पाहून रडू आलं. एका डिस्कवर तीन तीन सिनेमे दाबून बसवलेले. 'उंबरठा'च्या सुरुवातीची नामावली कापलेली. आवाज चित्राच्या मागे. मूळ कॅसेटी मागितल्या तर त्या सापडत नाहीत असं उत्तर आलं. त्या शेवटपर्यंत सापडल्या नाहीत.

म्हणून सांगते, कॅसेट कुणाकडेही द्याल तर या गोष्टी आधी पक्क्या करा. एका वेळी एकच कॅसेट द्या, ती परत आल्यावर दुसरी. कॅसेटीवर काय आहे, किती वेळाचं आहे, हे लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीही न कापता उतरवायला सांगा. मधल्या जाहिराती, दूरदर्शनची घोषणा, बातम्यांचा तुकडा, सगळं राहू द्या; पुढे त्यालाच मोल येतं. डीव्हीडीवर समाधान मानू नका, मोठी फाइल हार्ड डिस्कवर मागा. त्या काळचं आपलं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं, प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येणारं. मूळ प्रतीत ते तसंच ठेवायला सांगा, 'साफ' करण्याच्या नादात ते भाग एकत्र केले तर हालचाल अडखळते. पैसे देण्याआधी फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी तीन ठिकाणी पाहा.

व्हीसीडी: स्वस्त होती, पण चित्र पाव तपशिलाचं

२००७ मध्ये मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा परभणीच्या दुकानांतही सिनेमांचे ढीग लागले. आमचा बराच खण त्याच दिवसांत भरला. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. थोडक्यात, आज तुमच्याकडे जी डिस्क आहे ती खराब झाली तर दुकानात जाऊन दुसरी आणता येईल या भरवशावर राहू नका.

व्हीसीडीची मर्यादाही समजून घ्या. एका व्हीसीडीत सुमारे ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये असतो. तिच्यातलं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, डीव्हीडीतलं ७२० बाय ५७६ चं, म्हणजे चौपट तपशिलाचं. स्मिताच्या कामात हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. 'उंबरठा'तली सुलभा महाजन आश्रमाच्या कचेरीत समोरच्याचं बोलणं ऐकत असते, तेव्हा ती काहीच बोलत नाही. जे काही घडतं ते पापण्यांत आणि ओठांच्या कडांना. व्हीसीडीत तिथे चौकटी चौकटी दिसतात. 'मिर्च मसाला'तल्या मिरचीच्या लाल ढिगांची तर नुसती तांबडी पट्टी होते. केतन मेहतांचा हा सिनेमा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, स्मिता गेल्यानंतर १९८७ मध्ये प्रदर्शित झालेला. महामंडळानं तो पुढे दुरुस्त करून 'सिनेमाज ऑफ इंडिया' या मालिकेत डीव्हीडीवर आणला. जुन्या बाजारात ती डीव्हीडी दिसली तर सोडू नका.

विकत घेताना आवृत्ती बघायची सवय लावा. 'उंबरठा' मराठीत आणि हिंदीत असा दोन्हीत झाला, हिंदीतलं नाव 'सुबह'. वेष्टनावर स्मिताचाच चेहरा असतो, आत मात्र हिंदी सिनेमा निघतो. गाणी, संवाद सगळं वेगळं. मला विचाराल तर दोन्ही ठेवावेत, पण आपण काय ठेवतोय ते माहीत असावं.

डिस्क तपासायची कशी

डिस्क बल्बसमोर धरा. चंदेरी थरातून टाचणीएवढी उजेडाची टोकं दिसली तर तो थर गळायला लागलाय असं समजा आणि त्याच दिवशी प्रत करा. मागची बाजू शुद्ध चंदेरी असेल तर ती बहुधा कारखान्यात छापलेली. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर ती घरी किंवा दुकानात 'राइट' केलेली. तिच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो, म्हणून तिचा नंबर आधी लावा.

पुसायची असेल तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडे माहितीच्या रेषेतच पडतात. डिस्कवर बॉलपेननं लिहू नका आणि चिकटपट्टी लावू नका. पट्टी काढताना वरचा थरही तिच्याबरोबर सुटतो. एका मशीनमध्ये डिस्क अडकली म्हणून ती टाकून देऊ नका. आमची 'बाजार'ची डिस्क घरच्या प्लेअरवर अर्ध्यातच थांबायची, भाच्याच्या जुन्या संगणकावर ती शेवटपर्यंत उतरली.

प्रती दोन, जागा दोन

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो उभा केला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याचं पुनरुज्जीवन केलं आणि मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्र घेतलं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून, आवाज घेतला फाउंडेशनकडे असलेल्या प्रिंटवरून. दोन ठिकाणी दोन गोष्टी टिकल्या म्हणून एक सिनेमा पूर्ण झाला. आपल्या घरच्या संग्रहालाही हाच नियम लावा. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी असलेल्या मुलाकडे, बहिणीकडे नाहीतर भावाकडे. मूळ कॅसेट-डिस्क मात्र फेकायची नाही. 'इंटरनेटवर सगळं मिळतं' यावर विसंबू नका. आज दिसणारा सिनेमा उद्या तिथून काढलेला असतो, आणि असतो तोही बऱ्याचदा कुणाच्या तरी व्हीसीडीवरूनच चढवलेला.

व्हीसीडीची प्रत करणं अवघड नाही. डिस्कमधल्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल संगणकावर उतरवा, व्हीएलसीवर ती चालते. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते, त्यासाठी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. फाइलला नाव देताना सिनेमा, साल, भाषा आणि कुठल्या डिस्कवरून घेतलं ते लिहा. एका वहीत हीच नोंद करा. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी सगळं एकदा चालवून बघा.

कायद्याचंही भान ठेवा. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे 'उंबरठा'चा २०४२ अखेरपर्यंत. स्वतःच्या संग्रहासाठी जपणं वेगळं आणि प्रती वाटणं किंवा विकणं वेगळं. ते करू नका. चौकात किंवा मंडळात दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. शाळा-कॉलेजला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे: प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालक असतील तर शैक्षणिक कामाचा भाग म्हणून सिनेमा दाखवता येतो. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी ही सवलत जरूर वापरावी. आमच्या मुलींनी सुलभा महाजन पडद्यावर पाहिली, तेव्हा नोकरीसाठी घर सोडण्यावर वर्गात जेवढं खुलं बोलणं झालं, तेवढं माझ्या कुठल्याच व्याख्यानानं झालं नव्हतं.

तेव्हा या रविवारी कपाट उघडा. सगळं एका दिवसात होणार नाही. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी आधी घ्या, त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल. मग जांभळट डिस्क, मग छापील व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी. दूरदर्शनवरची जुनी मुलाखत, नाटक किंवा कार्यक्रम हाती लागला तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाकून कळवा. आणि घरातल्या एका तरुण माणसाला शेजारी बसवून हे सगळं शिकवा, म्हणजे तुमच्यामागे तो खण उघडणारं कुणीतरी असेल.