निनावी दर्शक बंद का पडतात?

समाजमाध्यमांवरील मजकूर खाते न उघडता व आपले नाव न कळविता पाहण्याची सोय करून देणारी अनेक संकेतस्थळे गेल्या काही वर्षांत प्रचारात आली आहेत. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये 'स्टोरी' हा प्रकार सुरू केला. चोवीस तासांनी आपोआप नाहीशी होणारी ही नोंद कोणकोणी पाहिली, याची यादी ती टाकणाऱ्यास दिसते. या यादीत आपले नाव येऊ नये, तसेच पाहण्यासाठी खाते उघडावे लागू नये, या दोन इच्छांतून अशा 'निनावी दर्शक' साधनांना मागणी आली.

परंतु ही साधने वारंवार बंद पडतात. काल चालत असलेले साधन आज कोरे पान दाखविते किंवा 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढाच निरोप देते. अशा वेळी दोष नेमका कोठे आहे, तो दूर होण्याजोगा आहे काय, आणि तो दूर करण्याच्या भरात आपण कोणता धोका पत्करतो, याची जाण शाळा, ग्रामपंचायत व तालुका कार्यालये यांना असणे अगत्याचे आहे.

सीमेवरील तालुक्याची गरज

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव तेलंगणाच्या सीमेवर वसले आहे. बासरचे सरस्वती मंदिर आणि निजामाबादची बाजारपेठ येथून जवळ. मराठीबरोबर तेलुगू, उर्दू व हिंदी येथे सर्रास कानी पडतात. साहजिकच दोन राज्यांतील कार्यालये, बाजार समित्या व शिक्षणसंस्था यांच्या घोषणांकडे येथील नागरिकांचे लक्ष असते.

गोदावरीवरील बाभळी बंधारा याच तालुक्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागते. वरच्या बाजूस नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प आहे, तर खाली तेलंगणाचा श्रीरामसागर. पावसाळ्यात वरून किती विसर्ग झाला आणि खालचा जलाशय किती भरला, या दोन्ही गोष्टींशी नदीकाठच्या शेतकऱ्याचा थेट संबंध येतो. ही वार्ता पुष्कळदा प्रथम समाजमाध्यमांवर झळकते. ज्याचे तेथे खाते नाही, तो निनावी दर्शकाकडे वळतो. म्हणूनच हे साधन बंद पडणे ही केवळ हौशी मंडळींची अडचण राहत नाही.

साधनाची घडण

निनावी दर्शक म्हणजे एक मध्यस्थ होय. पाहणारा आपल्या मोबाईलवर त्या संकेतस्थळाच्या रकान्यात एखाद्या खात्याचे नाव भरतो. संकेतस्थळाचा सर्व्हर मूळ माध्यमाकडे तो मजकूर मागतो आणि मिळालेली प्रत पाहणाऱ्यापुढे ठेवतो. स्टोरीसारखा मजकूर लॉगिन केल्याविना मिळत नसल्याने मध्यस्थ त्यासाठी स्वतःची कामचलाऊ खाती वापरतो. मूळ माध्यमास मध्यस्थाचीच ओळख दिसते; म्हणून पाहणाऱ्याचे नाव यादीत येत नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, असे साधन फक्त सर्वांसाठी खुल्या असलेल्या खात्यांचाच मजकूर आणू शकते. दुसरी, त्याचे चालणे सर्वस्वी मूळ माध्यमाच्या मर्जीवर अवलंबून आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर लावलेल्या मोटेसारखी ही स्थिती आहे. विहिरीच्या धन्याने दोर कापला की पाणी थांबले.

असे दोर कापले गेल्याची उदाहरणे आहेत. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर एप्रिल २०१८ पासून फेसबुक व इन्स्टाग्राम यांनी बाहेरील साधनांना दिलेली मुभा मोठ्या प्रमाणात आखडती घेतली. इन्स्टाग्रामच्या कंपनीने जुलै २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या खात्यांची माहिती स्वयंचलित खात्यांद्वारे उचलून आपल्या संकेतस्थळांवर मांडणाऱ्या एका इसमाविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, ३० जून २०२३ च्या सुमारास लॉगिनविना मजकूर पाहणे एकाएकी बंद केले. त्यामुळे 'निटर' हा लोकप्रिय दर्शक अडचणीत आला आणि २०२४ च्या आरंभी त्याची बहुतेक केंद्रे बंद पडली.

दोष शोधण्याचा क्रम

साधन चालेनासे झाले की अनेकजण एकामागून एक नवी संकेतस्थळे उघडत सुटतात. त्याऐवजी पुढील क्रमाने तपास केल्यास पाच-दहा मिनिटांत दोषाची जागा कळते.

१. आपली जोडणी तपासावी. दुसरे एखादे परिचित संकेतस्थळ उघडते काय, ते पाहावे. ते उघडत नसेल तर दोष नेटवर्कचा आहे. सीमावर्ती गावांत मोबाईल कधी शेजारच्या राज्यातील मनोऱ्याशी जोडला जातो, त्यामुळेही वेग कमी-अधिक होऊ शकतो.

२. ब्राउझर तपासावा. जुनी साठवण पुसून पान पुन्हा उघडावे, किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावे. मोबाईलवरील तारीख-वेळ चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

३. खात्याचे नाव तपासावे. एक अक्षर, टिंब वा अधोरेषा चुकली तरी 'खाते सापडत नाही' असे उत्तर येते. खातेदाराने नाव बदलले असण्याचाही संभव असतो.

४. दुसरे खुले खाते पाहावे. एखाद्या शासकीय विभागाचे खाते त्याच साधनात उघडावे. ते दिसले, तर साधन ठीक असून अडचण पहिल्या खात्याची आहे. ते खाते खासगी केले असेल, बंद झाले असेल किंवा स्टोरीचे चोवीस तास उलटले असतील. यांपैकी कशावरही उपाय नाही आणि तो शोधूही नये.

५. एकही खाते दिसत नसेल, तर दोष मध्यस्थाचा आहे. मूळ माध्यमाने त्याच्या सर्व्हरला अडविले असेल, त्याची कामचलाऊ खाती रद्द केली असतील, ठराविक वेळेतील मागण्यांची मर्यादा ओलांडली गेली असेल, किंवा मूळ पानाची रचना बदलल्याने साधनास मजकूर वाचता येत नसेल. मर्यादा ओलांडली गेली असेल तर काही तासांनी साधन पुन्हा चालते. इतर कारणे दूर करणे पाहणाऱ्याच्या हाती नसते.

तात्पर्य, पहिल्या तीन पायऱ्यांवरील दोष पाहणाऱ्यास दुरुस्त करता येतात. चौथ्या व पाचव्या पायरीवर थांबणे हेच शहाणपणाचे.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारी फसवणूक

खरा धोका या पाचव्या पायरीनंतर सुरू होतो. साधन बंद पडल्याने उतावीळ झालेल्या माणसास हेरूनच अनेक बनावट संकेतस्थळे मांडलेली असतात. 'खासगी खातेही दाखवू' असे आश्वासन देणारे साधन खोटे आहे, असे निःशंक समजावे. पुढे लॉगिन करण्यास सांगणे, प्रश्नावली भरून घेणे, अधिकृत ॲप-भांडाराबाहेरील फाइल मोबाईलवर बसविण्यास लावणे, अल्प रक्कम भरण्यास सांगणे आणि शेवटी ओटीपी मागणे, अशी ही साखळी असते. बाहेरून आणलेली अशी फाइल मोबाईलवरील संदेश वाचू शकते, आणि बँकेचा ओटीपीही संदेशातूनच येतो.

ज्याने संकेतशब्द देऊन टाकला आहे, त्याने तो ताबडतोब बदलावा. द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, इतर सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे आणि अनोळखी ॲप काढून टाकावे. पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविता येण्याचा संभव अधिक असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावर व नजीकच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

'निनावी' या शब्दाबाबतही भ्रम नसावा. मूळ खातेदारास नाव दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मध्यस्थास मात्र पाहणाऱ्याचा आयपी पत्ता आणि त्याने कोणाचे खाते किती वेळा शोधले, हे सर्व दिसते. ज्याच्यापासून लपावयाचे तो ओळखीचा, आणि ज्याच्या हाती सर्व माहिती दिली तो पूर्ण अनोळखी, असा हा व्यवहार आहे.

पाहण्याचा हेतू

साधन दुरुस्त होते की नाही, यापेक्षा ते कशासाठी हवे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बंधाऱ्याचा विसर्ग पाहणे आणि एखाद्या मुलीची स्टोरी रोज गुपचूप पाहणे या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे 'पाठलाग' या गुन्ह्यात मोडते. प्रथम दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत व पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. खुला मजकूर एकदा पाहिला की गुन्हा झाला, असा याचा अर्थ नव्हे. परंतु नाव लपवून सातत्याने ठेवलेली नजर त्या दिशेने जाते, हे विसरू नये. दुसऱ्याचा संकेतशब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे.

शिक्षकांपुढे येथे नाजूक प्रश्न उभा राहतो. एखादा विद्यार्थी समाजमाध्यमावर त्रास सोसत असल्याची शंका आल्यास त्याची खाती चोरून पाहण्याचा मोह होतो. पण चोरून मिळालेली माहिती मुलापुढे उघडपणे मांडता येत नाही, आणि पाळत उघड झाली की विश्वास संपतो. मुलाशी व पालकांशी बोलणे, त्यांनीच दाखविलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवणे आणि आवश्यक तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घेणे, हा मार्ग लांबचा वाटला तरी खात्रीचा आहे.

कार्यालयांचे कर्तव्य

ज्या नागरिकास केवळ सार्वजनिक माहिती हवी आहे, त्यास आडमार्गाने जावे लागणे हा दोष त्याचा नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वाधिक परिणामकारक ठरणाऱ्या साधनाने द्यावी, असेही कलम सांगते. चोवीस तासांत पुसली जाणारी आणि लॉगिनविना न दिसणारी स्टोरी या कसोटीस उतरत नाही.

म्हणून समाजमाध्यमावर दिलेली प्रत्येक महत्त्वाची सूचना कार्यालयाच्या खुल्या संकेतस्थळावर तारखेसह असावी. ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर ती लागावी, आणि पूर वा विसर्गाची असेल तर दवंडी व ध्वनिक्षेपक यांचा वापर व्हावा. धर्माबादसारख्या भागात मराठीबरोबर तेलुगू व उर्दूतही दोन ओळी दिल्यास ती अधिक घरांत पोहोचेल. केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाजाचे संकेतस्थळ व 'फ्लडवॉच इंडिया' हे ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेले ॲप सर्वांना खुले आहेत. ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी ते गावातील चार तरुणांना वापरून दाखविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

निनावी दर्शक उद्याही बंद पडतील, कारण त्यांचा पायाच दुसऱ्याच्या जागेवर आहे. बंधाऱ्याच्या दरवाजांची वार्ता मात्र त्यांच्यावर विसंबून राहू शकत नाही. पुढच्या १ जुलैपूर्वी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावात ही वार्ता कोणत्या मार्गाने पोहोचते, याची एकदा पाहणी केली, तर आडमार्गाने जाण्याची गरज पुष्कळ अंशी कमी होईल.