‘होत चालले आहे’ याचे इंग्रजी

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी भाषांतरासाठी फळ्यावर एक वाक्य लिहितो : ‘राकसकोपचे पाणी कमी होत चालले आहे.’ बेळगावात उन्हाळा काढलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तरी निम्म्या वह्यांत ‘द वॉटर हॅज बिकम लेस’ असे उत्तर सापडते, आणि उरलेल्यांत ‘डे बाय डे’ हटकून घातलेले असते.

‘हॅज बिकम’ म्हणजे बदल घडला व त्याचा परिणाम आज दिसतो आहे. पाणी आणखी उतरणार की नाही, याविषयी ते वाक्य मुके आहे. मराठीतला ‘चालले’ हा शब्द बदलाला चालता ठेवतो. इंग्रजीत ते काम ‘इज फॉलिंग’ करते. मार्चपासून पाणी उतरते आहे असे सांगायचे तर ‘हॅज बीन फॉलिंग सिन्स मार्च’ म्हणावे. येथे आपण ‘इज फॉलिंग सिन्स मार्च’ लिहून मोकळे होतो, कारण मराठीत ‘मार्चपासून कमी होत आहे’ हे बिनचूक आहे. चूक इंग्रजीची असली तरी तिचे मूळ आपल्या घरचे आहे.

‘गेटिंग’ आणि ‘बिकमिंग’ यांत पहिला बोलण्यातला, दुसरा थोडा भारदस्त. पण ‘गेटिंग’पुढे नाम आले की घोटाळा होतो. ‘ही इज बिकमिंग अ टीचर’ म्हणजे तो शिक्षक होत आहे. ‘ही इज गेटिंग अ टीचर’ म्हणजे त्याला शिक्षक मिळत आहे! ‘स्लोली’ने वेग कळतो, तर ‘ग्रॅज्युअली’ने बदल थोडाथोडा होत गेल्याचे कळते. म्हातारा माणूस ‘स्लोली’ चालतो, ‘ग्रॅज्युअली’ नव्हे. ‘डे बाय डे’ चुकीचे नाही. पण शंभर वर्षांत बदललेल्या भाषेला ते लावले की हसू येते.

खरी गंमत ‘येणे’ या क्रियापदात आहे. ‘पाणी संपत चालले’ म्हणजे ‘इज रनिंग आऊट’. ‘संपत आले’ म्हणजे ‘हॅज ऑलमोस्ट रन आऊट’. पण ‘मी शिकवत आलो आहे’ म्हटले, तर शिकवणे संपत आले असा अर्थ होत नाही; तेथे ‘हॅव बीन टीचिंग’ हवे. मी हे स्टाफरूममध्ये बोललो, तेव्हा कन्नड विभागातले आमचे सर म्हणाले, “आमच्याकडेही तसेच. ‘मुगियुत्ता बंतु’ म्हणजे संपत आले, ‘माडुत्ता बंदिद्देने’ म्हणजे करत आलो आहे.” भाषा दोन कुळांतल्या, पण ‘येणे’ दोन्हीकडे तीच दोन कामे करते. तेव्हा भाषांतर करताना ‘येणे’कडे पाहू नका, त्याच्या आधीच्या क्रियापदाकडे पाहा.

विद्यार्थी मित्रहो, मी या एका वाक्यासाठी एवढा का अडून बसतो, असे तुम्ही आपसात विचारता हे मला ठाऊक आहे.

1984 साली मी बारावीत होतो. दादा सैन्यात, दूर उत्तरेला. बाबा अंथरुणाला खिळले होते. दादाला रजा मिळावी म्हणून त्याच्या साहेबांना दाखवण्यासाठी इंग्रजीत पत्र हवे होते, आणि घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुरी केलेला मी एकटाच. आई म्हणाली, “लिही, ते खंगत चाललेत.” मी लिहिले, ‘फादर हॅज बिकम व्हेरी वीक.’ वाक्य निर्दोष होते. मी ते दोनदा तपासले होते. साहेबांनी जे लिहिले होते तेच वाचले. वडील अशक्त झाले आहेत, एवढेच त्यातून कळत होते; पुढच्या पाळीत दादाला रजा मिळाली. तो आला तेव्हा बाबांचे दिवसकार्य होऊन गेले होते.

रजा त्या पत्रामुळेच लांबली असे दादा कधी म्हणाला नाही. मीही त्याला विचारले नाही. पुढे एम.ए.ला असताना व्याकरणाच्या तासाला सरांनी हा भेद समजावला, तेव्हा मी वहीच्या समासात ते वाक्य पुन्हा लिहिले : ‘फादर इज गेटिंग वीकर एव्हरी डे.’