रात्रीची झोप सकाळी सुरू होते

ग्वाल्हेर, लष्करातला जुना वाडा. एप्रिलची संध्याकाळ, भिंतीला हात लावला तर अजून चटका बसतो. दुसरीतल्या मुलाची आई शेजारच्या काकूंकडे आली आहे. काकू निवृत्त बालरोगतज्ज्ञ.

आई : काकू, नऊला दिवा मालवते, तरी अकरापर्यंत याचं पाणी दे, शू लागली, गोष्ट सांग चालूच. सकाळी सहाला मात्र उठता उठत नाही.

काकू : हिशेब कर. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. याला रात्री मिळते सात. रोज दोन तास कमी, म्हणजे पाच दिवसांत अख्खी एक रात्र बुडाली. रविवारी किती वाजता उठतो?

आई : साडेनऊ. म्हटलं, आठवड्याची भरून निघेल.

काकू : घोळ तिथेच आहे. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रविवारी साडेतीन तास उशिरा उठवलंस, की ते घड्याळ मागे सरकतं आणि सोमवारी नऊला त्याला झोप येत नाही. दुपारी झोपतो का?

आई : शाळेतून आला की अडीच ते पाच.

काकू : भुकेसारखंच आहे बघ. पाचला पोटभर खाल्लं की रात्री जेवण जात नाही. आधी अर्ध्या तासात उठव, मग दुपारची झोप हळूहळू बंद कर. संध्याकाळी खेळायला पाठव. चहा नको.

आई : पण हा उन्हाळा! कूलर लावूनही खोली भट्टीसारखी.

काकू : झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. आपल्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ओकतात. म्हणून कूलर झोपायच्या तासभर आधी लाव, समोरची खिडकी उघडी ठेव. दमट हवा बाहेर गेली नाही तर नुसता चिकचिकाट. त्याला कोमट पाण्यानं अंघोळ घाल. त्वचेकडे रक्त येतं, तळवे गरम लागतात आणि त्या वाटेनं आतली उष्णता बाहेर पडते. आज तळव्याला हात लावून बघ.

आई : आणि मोबाइल?

काकू : तासभर आधी बंद, तुझासुद्धा. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन स्रवतं. डोळ्यांवरचा प्रखर उजेड ते रोखून धरतो. मग रोज त्याच क्रमानं अंघोळ, दात घासणं, एक गोष्ट, दिवा बंद.

आई : दोनदा मध्यरात्री किंचाळून उठला. डोळे उघडे, पण मला ओळखेना.

काकू : झोपल्यावर तासा-दोन तासांत झालं ना? गाढ झोपेत मेंदू अर्धवट जागा होतो. सकाळी त्याला आठवतही नाही. हलवून जागं करू नकोस, पडणार नाही एवढं बघ. झोप अपुरी असली की हे वाढतं. मात्र रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना दाखव.

आई : शाळाच उशिरा भरली तर?

काकू : महाराष्ट्रात तेच झालं. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. आपल्याकडे शाळेची वेळ आपल्या हातात नाही, उठायची आहे.

आई : मग आजपासून आठलाच झोपवते.

काकू : तसं केलंस तर तो तीन तास तळमळेल आणि अंथरूणच नकोसं होईल. आत्ता साडेदहाला झोपव. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण. दोन-तीन आठवड्यांत नऊच्या आत झोपेल. आणि या रविवारी, कितीही जिवावर आलं तरी, त्याला सहा-साडेसहाला उठवून गच्चीवर उजेडात ने. सुरुवात तिथूनच कर.