स्त्री की पुरुष, हे कोण ठरवणार?



ग्रामपंचायतीच्या निवडणुका बेलापूरकरांना नव्या नाहीत. उमेदवारी अर्जात ‘लिंग’ असा एक रकाना असतो. आपण तो फारसा विचार न करता भरतो. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराला मात्र या रकान्यापायी उच्च न्यायालयात जावे लागले.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याचे कारण देऊन निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्यांनी औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. आपला जिल्हाही याच खंडपीठाखाली येतो. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. आपण स्त्री की पुरुष, हे सांगण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटले होते आणि २०१९ च्या कायद्यातही ते आले होते. पण खंडपीठाने एक गोष्ट नोंदवून घेतली: फायद्यासाठी पुढे कधी आपण पुरुष असल्याचे त्या सांगणार नाहीत. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. शब्द दिला की तो पाळायचाही असतो. त्याच महिन्यात मतदान झाले आणि अंजलीताई निवडून आल्या.

बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांची गोष्ट वेगळी. ते महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे ‘वाय’ गुणसूत्र आढळले. तरी खात्याने आधी रजा नाकारली. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि २०१८ साली मुंबईत शस्त्रक्रिया होऊन ते पुरुष शिपाई म्हणून नोकरीत राहिले. येथे डॉक्टरांचा कागद बोलला, भादलीत त्या व्यक्तीचा स्वतःचा शब्द.

ख्रिस्तसभेचे म्हणणे काय? एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने ‘डिग्निटास इन्फिनिटा’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शरीर हे देवाचे दान आहे, ते आपण आपल्या मर्जीने ठरवण्याची वस्तू नव्हे, असे त्यात सांगितले आहे. न्यायालयाची भूमिका आणि ही शिकवण एक नाहीत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जननेंद्रियांतील दोष जन्मतः असो वा नंतर दिसून आलेला असो, त्यासाठी वैद्यकीय मदत घेण्यास मात्र त्यात मनाई नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकननेच उत्तर दिले होते की तृतीयपंथी व्यक्तीला इतरांप्रमाणेच स्नानसंस्कार घेता येतो. फक्त त्यातून लोकांत अडखळण किंवा संभ्रम निर्माण होऊ नये.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला इथिओपियाचा षंढ आठवा. जुन्या नियमाप्रमाणे अशा माणसाला मंडळीत प्रवेश नव्हता. त्याने पाणी पाहून विचारले की आता अडचण कसली, आणि फिलिप त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. (हा षंढ म्हणजे आजचा तृतीयपंथी, असे म्हणणे घाईचे होईल. पण दाराबाहेर ठेवलेला माणूस तो होताच.)

ठरवणारे फक्त न्यायाधीश आणि डॉक्टर असतात असे नाही. बाजारात टाळी ऐकू आली की आपण जो शब्द उच्चारतो, त्यातही एक निकाल असतो. मुलाचे चालणे-बोलणे वेगळे दिसले म्हणून त्याला घराबाहेर काढणारे आईबापही निकालच देतात, आणि त्यावर अपील कुठे करायचे?

आपल्या भागातील पुष्कळ देवळांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात. एखाद्या रविवारी अशी व्यक्ती मिस्साला आली तर तिने कोठे बसावे, आणि कोणी सरकून जागा द्यावी? लघु ख्रिस्ती समूहांच्या येत्या बैठकीत यावर बोलावे, अशी आमची विनंती आहे.