शेपूट हलतंय, म्हणजे जमेल का?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आता बरीचशी बिऱ्हाडं ट्रॅक्टर नाहीतर ट्रकनं जातात; पण बैलगाड्यांची रांग दिसलीच, तर एखाद्या गाडीच्या सावलीत कुत्रं चालत असतं. मागच्या गाडीखाली दुसरं. भांडण नाही, भुंकणं नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मधे गाडीभर अंतर आणि आपलं माणूस जवळ. कुत्र्यांच्या सामूहिक फेरीबद्दल पशुवैद्यकाला जे सांगायचं असतं, ते जवळजवळ सगळं या रांगेत आहे.

हौशी मंडळी चार कुत्री घेऊन सकाळी धारूरच्या किल्ल्याच्या रस्त्याला लागतात, तेव्हा नेमकं उलटं होतं. कुत्री समोरासमोर आणली जातात, दोऱ्या ताणलेल्या असतात आणि मालक छातीठोकपणे सांगतो, ‘काही करत नाही हो, शेपूट हलवतंय बघा!’

शेपटीवर एवढा भरवसा नको. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 30 पाळीव कुत्र्यांच्या शेपट्या चित्रित करून मोजल्या. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकायचं; अनोळखी, दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. हलायचं दोन्ही वेळा! हा फरक रस्त्यावर उभं राहून ओळखणं अवघड, म्हणून बाकीचं अंग पाहावं. अंग सैल, तोंड किंचित उघडं, चाल वाकडीतिकडी असेल तर ठीक. तोंड मिटलेलं, पाठीवरचे केस उभे आणि नजर रोखलेली असेल, तर शेपूट कितीही हलो, तिथून वळावं. सारखे ओठ चाटणं किंवा झोप आलेली नसताना जांभया देणं हीसुद्धा बहुधा घाबरल्याची खूण असते.

आपली आपण करण्याजोगी एक परीक्षा आहे. ओळखीचं, शांत कुत्रं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालवावं, आपलं अलीकडच्या कडेनं, दोघंही एकाच दिशेला. चालता चालता आपल्या कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा धरावा. घरी भाकरीवर तुटून पडणारं कुत्रं इथे तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलेलं आहे, अंतर वाढवावं. तुकडा खाऊन ते पुन्हा हुंगत चालू लागलं, तर दुसऱ्या दिवशी चार पावलं जवळ. ही घाईची गोष्ट नाही. पिल्लाला दुसऱ्या कुत्र्यांची ओळख होण्याचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातला. तो साखळीला बांधून गेला असेल, तर मोठेपणी महिनेही लागतात.

काहींना मात्र सरळ घरी ठेवावं. माजावर आलेली कुत्री, खोकणारं किंवा जुलाब लागलेलं कुत्रं, लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू, लंगडणारं म्हातारं. रेबीजची लस तर हवीच, आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड नाही ना, हेही पाहावं. दुसऱ्या गल्लीतली मोकाट कुत्री हा वेगळाच मामला: आपली चार कुत्री त्यांच्या हद्दीतून गेली की त्यांच्या लेखी ती चढाईच असते. शिवाय धारूर हा बालाघाटचा डोंगराळ मुलूख, वाटेत वानरंही भेटतात. शेजारच्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये 2021 साली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि वन विभागाला दोन वानरं पकडावी लागली. वानर दिसलं की धावणारं कुत्रं अशा भागात मोकळं सोडू नये.

भांडण सोडवताना मालकालाच चावा बसतो. जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, तिखट, हळद काही लावू नये.

आणि ज्याला घोळका मानवतच नाही, त्याच्यावर जबरदस्ती कशाला? बाकीची कुत्री निघायच्या आधी, झुंजुमुंजू असताना, त्याला एकट्यालाच न्यावं आणि प्रत्येक खांबापाशी पोटभर हुंगू द्यावं. मालकाच्या चहाला थोडा उशीर होईल, एवढंच.