बुरुजाचा खर्च आणि राजाची पत्रे

(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरिता पाठ)

शास्त्रपाठ : नहेम्या १:१-४, २:१-१८, ५:१-१५, एज्रा ८:२१-३४, लूक १४:२८-३०

विषय : सूर्यशक्तीच्या कामाकरिता सरकारी व खाजगी पैसा कसा मिळवावा



आमच्या माहितीतील एका मंडळीची हकीकत सांगून आम्ही या पाठाला आरंभ करतो. विजेचे बिल वाढत चालले म्हणून तेथील पंचांनी उपासनामंदिराच्या छतावर सौरसंच बसवावयाचे ठरविले. एक मध्यस्थ आला व म्हणाला, "निम्मे तुम्ही जमवा, निम्मे सरकार देईल." मंडळी आनंदली. महिला मंडळाने मूठ-मूठ तांदूळ साठवून उभे केलेले पैसे दिले, एका विधवा भगिनीने आपल्या ठेवीतून रक्कम काढून दिली. आगाऊ पैसे गेले, छतावर लोखंडी सांगाडा उभा राहिला. मग वीज कार्यालयातून कळले की मंदिराची जोडणी घरगुती नाही, यास्तव घरांकरिता असलेले अनुदान तिला मिळावयाचे नाही. सांगाडा तसाच गंजत राहिला. पुढच्या कापणीच्या सणाला अर्पणाची थैली हलकी आली. पैसा गेला त्याहून अधिक विश्वास गेला.

बुरूज बांधू लागण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या १४ व्या अध्यायात शिकविले आहे. तो दृष्टांत शिष्यत्वाविषयी आहे हे खरे. पण ज्या मंडळीला छताचा हिशेब करता येत नाही, तिला शिष्यत्वाचा हिशेब कोण शिकविणार? आज आपण नहेम्याचा हात धरून हा विषय पाहू.

१. आधी प्रार्थना, मग पाहणी

यरुशलेमेचा तट पडल्याची वार्ता ऐकून नहेम्या रडला, उपास केला, आणि किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत थांबला. यरुशलेमेस पोहोचल्यावरही त्याने लगेच वर्गणी मागितली नाही. रात्री थोड्या माणसांसह निघून त्याने तट स्वतः पाहिला.

आपली पाहणी अशी असावी. मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र ठेवावीत. बिलावर जोडणीचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व त्यातून वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. छत जुन्या कौलांचे असेल तर ते भार सोसेल काय हे जाणत्या मनुष्याकडून तपासून घ्यावे. जे मंदिर मुख्यतः रविवारीच उघडते, त्याला विजेची गरज थोडी असते. मंडळीची शाळा, वसतिगृह किंवा दवाखाना असेल तर तेथे ती रोजची असते. अशा ठिकाणी काम आधी सुरू करणे शहाणपणाचे.

२. राजाच्या पत्रात काय लिहिले आहे

नहेम्याने राजाकडे नुसती मदत मागितली नाही. किती काळ लागेल ते सांगितले. नदीपलीकडील सुभेदारांस पत्रे व राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला वेगळे पत्र मागितले. आणि लाकूड कशाकरिता हवे तेही सांगितले. प्रत्येक पत्र ठरावीक मनुष्याला, ठरावीक कामाकरिता होते. सरकारी योजनाही तशाच असतात.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' मंजूर केली. तिचा खर्च ७५,०२१ कोटी रुपये व उद्दिष्ट १ कोटी घरांचे आहे, आणि मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत ठेवलेली आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्याला १८,००० रुपये असे घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. सरकारने हिशेबाकरिता धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० व तिसऱ्याला ४५,००० रुपये आहे. म्हणजे तीन किलोवॅटच्या १,४५,००० रुपयांतून ७८,००० वजा जाता ६७,००० रुपये घरमालकाचे राहतात. बाजारभाव याहून कमीअधिक असू शकतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हे पत्र घरांच्या नावाने आहे. संस्थांना छतावरील संचाकरिता केंद्राचे अनुदान पूर्वी मिळत असे. २०१९ साली मंजूर झालेल्या टप्प्यापासून ते निवासी जोडण्यांपुरते ठेवण्यात आले. दुसरी, घर व छत स्वतःचे असावे लागते. आपली पुष्कळ कुटुंबे मिशन कंपाउंडातील घरांत राहतात व ती घरे न्यासाच्या नावे असतात. अशांनी मालकीचा प्रश्न आधी मिटवावा. तिसरी, अनुदान आधी येत नाही. राष्ट्रीय संकेतस्थळावर अर्ज, नोंदणीकृत ठेकेदाराकडून काम, नेट मीटर, तपासणी, आणि मग बँक खात्यात पैसे, असा हा क्रम आहे. "अर्धे सरकारकडून आणून देतो" म्हणणाऱ्या मनुष्याला या क्रमात जागाच नाही.

चौकशी आपल्या वीज कार्यालयातच करावी : बेळगावकरांनी हेस्कॉममध्ये, गोव्यात वीज खात्यात, इंदूरला पश्चिम क्षेत्र व ग्वाल्हेरला मध्य क्षेत्र वीज वितरण कंपनीत, वडोदऱ्याला मध्य गुजरात वीज कंपनीत, हैदराबादेत तेलंगणाच्या दक्षिण वीज वितरण कंपनीत. शेतकरी बंधूंकरिता २०१९ साली 'पीएम कुसुम' योजना आली. तिच्या मूळ रचनेत स्वतंत्र सौरपंपाचा ३० टक्के भार केंद्राने, किमान ३० टक्के राज्याने व उरलेला शेतकऱ्याने उचलावा असे होते. आपल्या राज्यात सध्या काय नियम लागू आहेत ते अर्जापूर्वी विचारावे.

मंदिराला अनुदान नाही म्हणून कोणी खट्टू होऊ नये. कोणा एका धर्माच्या प्रसाराकरिता कर देण्यास कोणालाही भाग पाडता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २७ वे कलम म्हणते. त्या कलमाची सावली आपल्यावरही आहे. आणि ज्याला घराकरिता हक्काने मिळते त्याने मागण्यास लाजू नये. एज्राला राजाकडे शिपाई मागण्याची लाज वाटली, नहेम्याने मात्र लाकूड मागितले. दोघेही विश्वासू होते.

३. इतरांची थैली

बँक : अपारंपरिक ऊर्जेचे कर्ज २०१५ पासून रिझर्व्ह बँकेच्या प्राधान्य क्षेत्रात येते. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. पण न्यासाच्या नावे कर्ज काढावयाचे तर आधी न्यासाचा ठराव, व कायदा मागेल तेथे धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी.

भांडवल नसेल तर : काही कंपन्या स्वखर्चाने संच बसवितात व संस्थेने वापरलेल्या युनिटचे पैसे घेतात. असा करार पुष्कळ वर्षांचा असतो. छत दुरुस्त करावयाचे झाल्यास काय, हे कलम सहीपूर्वी वाचावे.

कंपन्यांचा निधी : २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कायद्याच्या यादीत शिक्षण, आरोग्य व पर्यावरण आहे, उपासना नाही. म्हणून अर्ज वसतिगृहाकरिता किंवा दवाखान्याकरिता करावा, आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना व रुग्णांना प्रवेश आहे हे खरेपणाने लिहावे. काम राबविणाऱ्या संस्थेची यासाठी सरकारकडे नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून हा नियम आहे.

परदेशातील मित्र : २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसता एक रुपयाही घेऊ नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, व तो दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. दुसऱ्या मंडळीच्या नोंदणीवर आपले पैसे मागविणे हा बंधुभाव नव्हे, गुन्हा आहे.

४. तोलून घ्यावे, तोलून द्यावे

एज्राने सोने, रुपे व पात्रे बारा याजकांच्या हाती तोलून दिली. यरुशलेमेस पोहोचल्यावर ती पुन्हा तोलली गेली आणि वजन लिहून ठेवले गेले. याजकांवर संशय होता म्हणून नव्हे. त्यांच्यावर पुढे संशय येऊ नये म्हणून. आपणही सौरकामाचे स्वतंत्र खाते ठेवावे, तीन दरपत्रके मागवावीत, काम होईल तसे हप्ते द्यावेत, व हिशेब सभेपुढे वाचावा. धूळ पुसणे, इन्व्हर्टर बदलणे व बॅटरी असल्यास तिची नवी खरेदी यांकरिता दरमहा काही बाजूला टाकावे. दाता संच देतो, पण पाचव्या वर्षीची बॅटरी कोणी देत नाही.

५. गरिबाचे घर

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात राजाचा कर भरण्यासाठी शेते गहाण टाकलेले लोक आक्रोश करतात. तट उभा राहत असता घरे बुडत होती. नहेम्याने व्याज सोडावयास लावले, आणि स्वतः बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही.

मंदिराच्या नावे राजाचे पत्र नसले तरी मंडळीतील घरांच्या नावे आहे. एक किलोवॅटच्या लहान संचाला सरकारी हिशेबाने ५०,००० रुपये लागतात व ३०,००० परत येतात. गरिबाची अडचण उरलेल्या २०,००० इतकीच नसते. अनुदान येईपर्यंतचे दिवस काढणे हीही असते. येथे आपला महिला बचत गट बिनव्याजी उसनवार देऊ शकेल, व अनुदान जमा होताच तीच रक्कम दुसऱ्या घरी जाईल. तट बांधताना पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, आणि शल्लूमबरोबर त्याच्या मुलीही कामाला होत्या.

आरंभी सांगितलेल्या मंडळीच्या पंचांनी पुढे वही उघडून आपली चूक सभेपुढे कबूल केली. विधवा भगिनीची रक्कम प्रथम परत केली. मग उरलेल्या पैशांत बसेल एवढा दोन किलोवॅटचाच संच त्याच सांगाड्यावर लावला. संच लहान आहे, पण त्यावर कोणाचे देणे नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंदिराच्या, शाळेच्या व पाळकगृहाच्या वीजबिलावर जोडणीचा कोणता प्रकार लिहिला आहे?
२. एज्राने मागितले नाही, नहेम्याने मागितले. आपण सरकारकडे केव्हा मागावे व केव्हा मागू नये?
३. मंडळीतील कोणत्या घराला पहिल्या उसनवारीची सर्वांत अधिक गरज आहे?

प्रार्थना : हे प्रभो, तू सूर्य सर्वांवर उगवितोस. त्याच्या प्रकाशाचा उपयोग करताना आमचे हिशेबही उजेडात राहोत, आणि तुझ्या मंदिराच्या दिव्याखाली कोणाचेही घर अंधारात न राहो. आमेन.